दुसऱ्या वर्षाला आलेला विद्यार्थी का निघून जातो?

बेळगाव जिल्ह्यातील एका पदवी महाविद्यालयाच्या उपप्राचार्यांचा प्रश्न असा आहे: दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाला दुसऱ्या महाविद्यालयातून दाखला काढून येणारे विद्यार्थी, त्यातही सीमेपलीकडच्या महाराष्ट्रातील चंदगड, गडहिंग्लज, कागल या बाजूने येणारे, पहिल्या सत्राची परीक्षा येईपर्यंतच गळतात. महाविद्यालयाने त्यांच्यासाठी स्वागताचा कार्यक्रम ठेवला, समुपदेशक नेमला, जादा तास घेतले. तरी गळती थांबत नाही. आता काय करावे?

प्रवेश आणि परीक्षा या दोन विभागांत दीर्घकाळ काम केल्यानंतर माझे या प्रश्नाला जे उत्तर आहे ते काहीसे रुक्ष वाटेल. विद्यार्थ्याने फी भरण्याआधी त्याच्या हातात एक सही-शिक्क्याचा कागद पडला पाहिजे. त्याचे आधीचे कोणते विषय धरले गेले, कोणते धरले गेले नाहीत आणि न धरलेले विषय तो कोणत्या सत्रात, कोणत्या तासांना बसून पूर्ण करणार, हे त्या कागदावर लिहिलेले असावे. आपण आजवर जे केले ते चांगलेच आहे, पण त्याची पाळी या कागदानंतर येते. तो नसेल तर समुपदेशक विद्यार्थ्याला धीर देत राहतो आणि परीक्षा विभाग तोच धीर खचवत राहतो.

हे आपल्या भागापुरते खरे आहे असे नाही. अमेरिकेत विद्यार्थी महाविद्यालय बदलताना किती क्रेडिट (विषय उत्तीर्ण झाल्यावर जमा होणारे श्रेयांक) गमावतात याचा हिशेब तेथील संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ साली मांडला होता. २००४ ते २००९ या काळात महाविद्यालय बदलणाऱ्यांचे सरासरी ४३ टक्के क्रेडिट नव्या ठिकाणी धरले गेले नाहीत, असा त्यांचा अंदाज होता. आपल्याकडे सीमेमुळे या दुखण्याला आणखी धार येते, कारण तीस-चाळीस किलोमीटरच्या प्रवासात विद्यार्थ्याचे विद्यापीठ, राज्याचे शैक्षणिक धोरण, शिष्यवृत्तीचे पोर्टल आणि कार्यालयाची भाषा हे सगळे एकदम बदलते.

मी हाताळलेले एक प्रकरण थोडक्यात सांगतो. शिनोळीच्या पलीकडच्या गावातील एका मुलीने शिवाजी विद्यापीठाच्या महाविद्यालयात बी.कॉम.चे पहिले वर्ष चांगल्या गुणांनी पूर्ण केले आणि लग्न होऊन ती बेळगावजवळच्या हिंडलग्याला आली. आमच्याकडच्या एका महाविद्यालयाने तिला दुसऱ्या वर्षाला ‘तात्पुरता’ प्रवेश दिला, पूर्ण फी घेतली आणि पात्रता प्रमाणपत्राचे काम सुरू आहे असे सांगितले. कर्नाटकात पदवीच्या पहिल्या चार सत्रांत प्रत्येक सत्राला दोन भाषा असतात. तिचे इंग्रजी धरले गेले, परंतु पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या भाषेच्या दोन पेपरांचे काय, हे तिला कोणी सांगेना. विभागप्रमुखांनी कार्यालयाकडे बोट दाखवले, कार्यालयाने विद्यापीठाकडे, आणि विद्यापीठाचे उत्तर परीक्षेचा अर्ज भरण्याच्या आठवड्यात आले: दोन्ही पेपर द्यावे लागतील. त्या वेळी अभ्यासाला वेळ नव्हता आणि भाषा निवडण्याची मुदतही टळली होती. सासरच्यांनी ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हटले, आणि ‘पुढच्या वर्षी बघू’ याचा अर्थ आपल्या घरांतून काय होतो हे वेगळे सांगायला नको. महाविद्यालयाच्या नोंदीत तिच्या नावापुढे ‘घरगुती कारण’ असे लिहिले गेले.

ते दोन पेपर तिला अवघड नव्हते. ऑगस्टमध्ये सांगितले असते तर तिने ते दिले असते. म्हणून गळतीचे मूळ विद्यार्थ्याच्या बौद्धिक तयारीत शोधण्याआधी आपल्या टेबलांवर शोधावे, असे माझे ठाम मत आहे.

आता हा कागद तयार कसा करायचा? समकक्षतेचा, म्हणजे आधीचा कोणता विषय येथे कोणत्या विषयाच्या बरोबरीचा धरायचा याचा, अंतिम अधिकार विद्यापीठाचा असतो आणि महाविद्यालय परस्पर काही ठरवू शकत नाही, ही सबब मला अनेकदा ऐकवली जाते. सबब खरी आहे, पण अर्धीच. येणारे बहुतेक विद्यार्थी त्याच चार-पाच महाविद्यालयांतून आणि त्याच दोन-तीन अभ्यासक्रमांतून येतात. एका बी.कॉम.च्या विद्यार्थ्याचा निर्णय विद्यापीठाने दिला की त्याच अभ्यासक्रमाच्या पुढच्या विद्यार्थ्याला साधारण तोच निर्णय लागणार. असे जुने निर्णय एका वहीत विषयवार उतरवून ठेवले तर वर्ष-दोन वर्षांत महाविद्यालयाकडे स्वतःचा तक्ता तयार होतो. त्यावरून ‘विद्यापीठाच्या मान्यतेच्या अधीन राहून’ असा शेरा मारून अंदाजपत्र देता येते, आणि तक्ता सोबत जोडून मे महिन्यातच विद्यापीठाकडून त्यावर लेखी अभिप्राय मागवता येतो. आश्चर्य म्हणजे बहुतेक महाविद्यालयांत ही वही नसते. ती एखाद्या ज्येष्ठ कारकुनाच्या डोक्यात असते आणि त्याच्याबरोबरच निवृत्त होते.

हा तक्ता करताना कर्नाटकातील गेल्या काही वर्षांचे फेरबदल विशेष काळजीने पाहावेत. २०२१-२२ पासून येथे नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे चार वर्षांची रचना आली. पुढे राज्याने सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली स्वतःचा आयोग नेमला आणि त्याच्या अंतरिम अहवालानंतर २०२४-२५ पासून तीन वर्षांची पदवी पुन्हा सुरू केली. नेमके त्याच वर्षी महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत राष्ट्रीय धोरणाची रचना लागू झाली. म्हणजे दोन्ही राज्ये एकाच वर्षी विरुद्ध दिशांना वळली. मधल्या काळात शिक्षण खंडित होऊन परत येणारा विद्यार्थी, मग तो आपल्याच महाविद्यालयाचा का असेना, एका रचनेत सुरुवात करून दुसऱ्या रचनेत उतरतो; त्यालाही बदली विद्यार्थीच समजावे. पर्यावरण, संविधान, संगणक यांसारखे छोटे सक्तीचे पेपर कोठे पहिल्या वर्षाला असतात तर कोठे दुसऱ्या, आणि अंतिम पदवीच्या वेळी घोडे अडते ते बहुतेकदा अशाच पेपरांपाशी.

विद्यार्थ्याचे क्रेडिट ऑनलाइन खात्यात जमा ठेवणारी ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स २०२१ पासून आहे. मग ही सगळी यातायात कशाला, असे विद्यार्थीही विचारतात. क्रेडिट खात्यात जमा असणे आणि ते आपल्या अभ्यासक्रमात अमुक विषयाच्या बदल्यात धरले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रवेशाच्या वेळीच समजावून सांगावे. बँकेमुळे गुणांची पडताळणी सोपी होते; विषयाला विषय जुळवण्याचे काम मात्र शेवटी आपल्याच मंडळींना करावे लागते.

येथे एक बारीकशी, पण फार त्रास देणारी गोष्ट नोंदवतो. महाराष्ट्राच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते, मग नाव, मग वडिलांचे नाव. आमच्याकडच्या मार्क्स कार्डावर साधारणपणे नाव आधी आणि आडनाव शेवटी येते, कधी नुसते आद्याक्षर. आधारवर तिसराच क्रम असतो. कर्नाटकातील विद्यापीठांच्या प्रवेश-परीक्षांच्या यूयूसीएमएस पोर्टलवर अर्ज भरताना कारकून एका कागदावरून नाव उतरवतो, क्रेडिट बँकेचे खाते दुसऱ्या कागदावरून उघडलेले असते, बँकेचे पासबुक तिसऱ्या. मग नावे जुळत नाहीत म्हणून क्रेडिट उतरत नाहीत, शिष्यवृत्ती जमा होत नाही आणि कधीकधी प्रवेशपत्रही निघत नाही. विद्यार्थी त्यासाठी कार्यालयात खेटे घालतो आणि दर खेपेला एक तास बुडवतो. प्रवेशाच्या दिवशी चारही कागद शेजारी ठेवून नाव तपासण्यास दहा मिनिटे पुरतात. दुरुस्ती लागणार असेल तर प्रतिज्ञापत्र त्याच आठवड्यात करून घ्यावे.

दुसरा मुद्दा पहिल्या सहा आठवड्यांचा. बदलीचे प्रवेश नियमित प्रवेशांनंतर होतात, कारण आधीच्या विद्यापीठाचा निकाल, टीसी आणि मायग्रेशन (विद्यापीठ बदलाचा दाखला) यांसाठी थांबावे लागते. विद्यार्थी वर्गात येतो तेव्हा ऑगस्ट उजाडलेला असतो, आणि हाच आपल्याकडे पावसाचा जोर. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले होते. दूधगंगा-वेदगंगेवरचे लहान पूल तर जरा पाऊस लागला की पाण्याखाली जातात. उशिरा आलेला विद्यार्थी आल्या आल्या पुन्हा आठ-दहा दिवस घरी बसतो, पहिली अंतर्गत चाचणी त्याच्या हातून जाते, आणि सत्राच्या शेवटी आयएचे (अंतर्गत मूल्यमापनाचे) गुण व पंचाहत्तर टक्के हजेरी या दोन्हींत तो कमी पडतो. अभ्यासात मागे पडल्याचे त्याला जेवढे वाटत नाही तेवढी धास्ती हजेरीची यादी फलकावर लागल्यावर बसते, आणि त्यानंतर तो येतच नाही.

यावर उपाय आहे आणि तो बऱ्याच अंशी महाविद्यालयाच्या हातात आहे. अंतर्गत चाचण्यांचे वेळापत्रक आपणच ठरवतो. उशिरा प्रवेश घेतलेल्यांची पहिली चाचणी वेगळी घेण्याची तरतूद शैक्षणिक वर्षाच्या आरंभीच ठराव करून ठेवावी, म्हणजे प्रत्येकाला प्राध्यापकांची मनधरणी करावी लागणार नाही. हजेरी प्रवेशाच्या तारखेपासून मोजण्यास विद्यापीठाचे नियम जेथे वाव देतात तेथे तो घ्यावा आणि ते विद्यार्थ्याला लेखी कळवावे. तोंडी आश्वासनांवर या विद्यार्थ्यांचा विश्वास नसतो, आणि त्यांचा तो अविश्वास मला रास्त वाटतो.

बसचाही विचार वेळापत्रकात व्हायला हवा. चंदगडच्या बाजूने येणारा विद्यार्थी महाराष्ट्राच्या एसटीवर किंवा वायव्य कर्नाटक परिवहनच्या आंतरराज्य गाडीवर अवलंबून असतो. सीमेवर वातावरण तापले की सर्वांत आधी या गाड्या थांबतात. डिसेंबर २०२२ मध्ये हे झाले आणि फेब्रुवारी २०२५ मध्येही झाले. त्या वादात कोणाचे काय चुकले हे ठरवणे महाविद्यालयाचे काम नाही. गाडी बंद असलेल्या दिवसांची हजेरी कशी धरायची हे मात्र महाविद्यालयाचेच काम आहे, आणि त्याचा निर्णय शांततेच्या काळात घेऊन ठेवावा. एरवीही सकाळच्या सत्राचा पहिला तास आणि दुपारचे शेवटचे प्रात्यक्षिक या दोन टोकांना बसून राहणारा विद्यार्थी बहुधा दूरच्या गावचाच असतो. त्याला गावाजवळच्या विद्यार्थ्याबरोबर बॅच बदलून देणे हा विनाखर्चाचा उपाय आहे. कर्नाटकात जून २०२३ पासून शक्ती योजनेखाली महिलांना सरकारी साध्या बसमधून मोफत प्रवास मिळतो, पण तो कर्नाटकाच्या रहिवाशांना. त्यामुळे खानापूरची मुलगी फुकट येते आणि तिच्याच बाकावर बसणारी चंदगडची मुलगी पासाचे पैसे भरते. हा खर्च घरच्यांच्या हिशेबात धरलेला नसतो.

पैशाचा विषय निघालाच आहे तर जातीच्या दाखल्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे, कारण येथे फार मोठे गैरसमज आहेत. एका राज्याचा आरक्षणाचा दाखला दुसऱ्या राज्यात सवलतीसाठी चालत नाही. मराठा समाज कर्नाटकाच्या मागासवर्गीय यादीत ३-ब गटात आहे. महाराष्ट्रात २०२४ च्या कायद्याने त्याला एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) म्हणून वेगळे आरक्षण आहे. निपाणीतील मामाच्या मुलाला कर्नाटकाच्या एसएसपी या शिष्यवृत्ती पोर्टलवर शिष्यवृत्ती मिळते म्हणून कागलचा भाचा तीच गृहीत धरून प्रवेश घेतो, आणि डिसेंबरमध्ये अर्ज नामंजूर झाल्यावर दुसऱ्या हप्त्याला पैसे नसतात. महाराष्ट्राच्या महाडीबीटी या शिष्यवृत्ती पोर्टलवरचे अर्जही राज्याबाहेरच्या महाविद्यालयासाठी बहुतेक वेळा अडतात, तेव्हा दोन्ही दारे बंद होतात. हे सर्व प्रवेशाच्या टेबलावर, फी भरण्याआधी, पालकांसमोर सांगावे. काही जण ते ऐकून प्रवेश घेणार नाहीत. त्याला गळती समजू नये. उलट ज्यांना नंतर गळावे लागले असते त्यांचे वर्ष आणि पैसे वाचले असे समजावे. व्यवस्थापनाला हे पटवणे अवघड जाईल याची मला कल्पना आहे, कारण प्रवेशसंख्या जूनमध्ये मोजली जाते आणि गळती कोणी मोजतच नाही.

भाषेविषयी दोनच गोष्टी सांगतो. पहिली, भाषा-विषयाचा पर्याय. आपल्याकडे मराठी, हिंदी, अतिरिक्त इंग्रजी यांपैकी जे शिकवले जाते ते बदली विद्यार्थ्याला आपणहून सांगावे. पर्याय असूनही तो न सांगितल्यामुळे कन्नड घ्यावेच लागेल या समजुतीने परत गेलेले विद्यार्थी मला माहीत आहेत. दुसरी, बोलण्यापुरते कन्नड. बसस्थानकात, बँकेत, तहसील कार्यालयात आणि पुढे नोकरीत ते लागतेच. त्यासाठी परीक्षा नसलेला, संध्याकाळचा, चार ओळी बोलता येतील एवढ्याच उद्देशाचा वर्ग ठेवला तर मराठी मुले आनंदाने बसतात. सक्तीच्या पेपरापोटी ज्या भाषेची भीती वाटत होती तीच ती मित्रांशी बोलू लागतात. कार्यालयाच्या खिडकीवर मराठी बोलणारी एक व्यक्ती असणे आणि सूचनाफलकावर कन्नड-इंग्रजीच्या खाली दोन ओळी मराठीत असणे याने मोठा फरक पडतो, आणि त्यासाठी बैठका भरवण्याची गरज नाही.

अभ्यासातील घसरणीबद्दल लिहितो, कारण प्राध्यापकवर्गाचा पहिला आक्षेप तोच असतो: ‘ही मुले कच्चीच येतात.’ महाविद्यालय बदलल्यानंतर पहिल्या सत्रात गुण घसरतात हे अमेरिकेतील जे. आर. हिल्स यांनी १९६५ मध्येच नोंदवले होते आणि त्याला त्यांनी बदलीचा धक्का असे नाव दिले होते. नंतरच्या अनेक पाहण्यांत असेही दिसले की पुष्कळ विद्यार्थी ही घसरण पुढच्या सत्रांत भरून काढतात. म्हणजे पहिल्या सत्राच्या गुणांवरून निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. प्राध्यापकांनी एवढेच करावे की पहिल्या आठवड्यात या विद्यार्थ्याला आधीच्या वर्षाचा अभ्यासक्रम आणि दोन जुन्या प्रश्नपत्रिका द्याव्यात. प्रश्नपत्रिकेचा साचा बदललेला असतो, आणि त्याची पहिली गाठ परीक्षेच्या खोलीत पडू नये.

अभियांत्रिकीकडे पदविका घेऊन थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांचे दुखणे जरा वेगळे आहे. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाने त्यांच्यासाठी गणिताचा जोड-अभ्यासक्रम ठेवलेला आहे. त्याचे क्रेडिट नसल्यामुळे विद्यार्थी तो हलक्याने घेतात, आणि उत्तीर्ण झाल्याशिवाय पदवी मिळत नसल्यामुळे तो शेवटी त्यांच्या मानगुटीवर बसतो. या मुलांचा हात यंत्रावर चांगला चालतो, वर्गातल्या इतरांपेक्षा चांगला. कार्यशाळेत त्यांना इतरांना शिकवायला सांगितले की वर्गात त्यांची पत आपोआप ठरते.

समुपदेशक ठेवू नये असे मी म्हणत नाही. पण समुपदेशकापेक्षा आधी एक ठरावीक माणूस नेमावा, ज्याच्या टेबलावर बदली विद्यार्थ्याची संपूर्ण फाईल असेल आणि ज्याला पात्रता, क्रेडिट, शिष्यवृत्ती व हजेरी या चारही बाबींचे उत्तर देणे भाग असेल. विद्यार्थ्यांना टोलवण्याची सोयच राहता कामा नये. हा माणूस प्राध्यापक असावा असा आग्रह नाही. माझ्या अनुभवात परीक्षा विभागातील अनुभवी द्वितीय श्रेणी लिपिक हे काम अधिक चोख करतो, फक्त त्याच्या इतर कामांतून त्याला सप्टेंबरअखेरपर्यंत मोकळे करावे लागते. त्याच्या जोडीला मागच्या वर्षी याच वाटेने आलेला, त्याच बाजूचा एक विद्यार्थी द्यावा. कोणत्या गाडीला जागा मिळते आणि कोणता कागद कोणत्या खिडकीवर द्यायचा हे तोच नीट सांगू शकतो.

शेवटी मोजमापाचे. बदली विद्यार्थ्यांची यादी नियमित विद्यार्थ्यांत मिसळून न ठेवता वेगळी ठेवावी आणि प्रवेश, पहिली चाचणी, परीक्षा अर्ज, परीक्षा व पुढच्या सत्राची नोंदणी या पाच ठिकाणी कोण उरले ते नावानिशी पाहावे. वीस-पंचवीस विद्यार्थ्यांच्या गटात टक्केवारी फसवी असते. दोन मुले गेली की आकडा हादरतो. नाव आणि टप्पा हेच उपयोगी. बहुतेक जण परीक्षा अर्जाच्या टप्प्यावर गळत असतील तर घोटाळा समकक्षतेत किंवा हजेरीत आहे. पुढच्या सत्राच्या नोंदणीला गळत असतील तर पैशात पाहावे. टीसीच्या अर्जावरील कारणाच्या रकान्यावर विसंबू नये, तेथे सगळेच ‘घरगुती’ असते. त्याऐवजी विद्यार्थी शेवटचा दिसला त्यानंतर दहा दिवसांत त्याला फोन करावा, आणि तो प्राचार्यांनी करण्यापेक्षा त्याच्या बाजूच्या त्या जोडीदाराने करावा.

आणि ज्याला खरोखरच परत जायचे आहे त्याला अडवू नये. पूर्ण वर्षाची फी भरल्याशिवाय मूळ कागदपत्रे देणार नाही, असे म्हणून विद्यार्थी टिकत नाही. तो फक्त दोन्ही विद्यापीठांच्या यादीतून नाहीसा होतो. त्याने मिळवलेली सत्रे क्रेडिट बँकेत उतरवून टीसी त्याच आठवड्यात द्यावी. चंदगड-गडहिंग्लजच्या गावांत पुढच्या जूनमध्ये आपल्या महाविद्यालयाविषयी कोण काय सांगेल, हे त्या आठवड्यावर बरेचसे अवलंबून असते.